लॅपटॉप कोरा करताना काय पुसलं जातं, काय उरतं

नवा लॅपटॉप सुरू केला की त्यात विंडोज तर असतंच, पण सोबत बिनबोलावलेली मंडळीही असतात. महिनाभर फुकट चालून नंतर पैशांसाठी तगादा लावणारा अँटिव्हायरस, कधीच न खेळले जाणारे दोन-चार गेम, एकाच कामाची उत्पादकाची तीन वेगवेगळी ॲप्स, आणि 'नोंदणी पूर्ण करा' म्हणत कोपऱ्यात उगवणारी एक खिडकी. कारण सरळ आहे. लॅपटॉप विकून हातात फारसं उरत नाही, आणि आपलं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर आधीच बसलेलं असावं म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या उत्पादकाला पैसे मोजतात.

बहुतेक वेळा हा नुसता पसारा असतो. पण कधीकधी प्रकरण गंभीर निघतं. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपमधला 'सुपरफिश' उजेडात आला. वेबपानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवलं होतं. म्हणजे कोणती वेबसाइट अस्सल मानायची हे ठरवण्याचा अधिकारच त्याने हाती घेतला होता. त्यावर कडी म्हणजे सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच होती, आणि ती लगेच बाहेर फुटली. ती हाती असलेला कोणीही बँकेची खोटी वेबसाइट खरी म्हणून दाखवू शकला असता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेलच्या लॅपटॉपवर 'ईडेलरूट' नावाचं तसंच सर्टिफिकेट सापडलं. दोन्ही कंपन्यांनी नंतर ते काढायची साधनं दिली. पण तेव्हापासून अनेक जाणकार नवा लॅपटॉप हाती आला की सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतात. यालाच क्लीन इन्स्टॉल म्हणतात.

यासाठी तीन वाटा सांगितल्या जातात, आणि त्यांत गल्लत होते. पहिली, नको ती ॲप्स एकेक करून काढणं. दोन-चार ॲप्सपुरता त्रास असेल तर हे पुरेसं आहे. उगाच मोठा घाट घालू नये. दुसरी वाट म्हणजे सेटिंग्जमधला 'रिसेट धिस पीसी'. तो सोपा आहे, पण उत्पादकाने डिस्कच्या एका कोपऱ्यात स्वतःची पॅकेजेस ठेवलेली असतील तर रिसेटनंतर ती पुन्हा लागू होऊ शकतात, म्हणजे काढलेली मंडळी परत हजर. उत्पादकाची 'फॅक्टरी रिकव्हरी' तर मुद्दामच सगळं पहिल्यासारखं करते. तिसरी वाट मायक्रोसॉफ्टकडून मूळ विंडोज पेनड्राइव्हवर घेऊन डिस्कवरचं सगळं पुसून ते बसवण्याची. हा लेख तिच्याबद्दल आहे.

काम अवघड नाही. प्रत्यक्ष इन्स्टॉलला साध्या एसएसडीवर अर्धा-पाऊण तास पुरतो. लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी, आणि बहुतेक घोटाळ्यांचं मूळ एका प्रश्नात असतं: कुठली गोष्ट नक्की कुठे साठवलेली आहे? लॅपटॉपमधल्या गोष्टी तीन ठिकाणी राहतात. काही डिस्कवर, काही मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) चिपमध्ये, आणि काही लॅपटॉपच्या बाहेर, तुमच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये. क्लीन इन्स्टॉल फक्त पहिल्या ठिकाणाला हात लावतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

लायसन्स कुठे असतं?

'पुसल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का?' हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लागत नाही. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या तळाशी २५ अक्षरांच्या कीचा स्टिकर असे, आणि तो घासून पुसट झाला की पंचाईत होई. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, उत्पादक ही की फर्मवेअरमध्येच लिहून ठेवतात. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो, म्हणून तो ही की मागतच नाही, आणि विंडोजची आवृत्ती होम किंवा प्रो यांपैकी कोणती हेही विचारत नाही. विंडोज १० पासून याच्या जोडीला 'डिजिटल लायसन्स' आलं. त्यात मशीनच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते, आणि इंटरनेट मिळालं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. डिस्क पुसा, अगदी नवी डिस्क घाला, लायसन्सला धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र प्रश्न येतो.

यात एक मेख आहे. लॅपटॉप होमचा होता आणि तुम्ही नंतर पैसे भरून प्रो केलं असेल, तर इन्स्टॉलर चिपमधली होमची की वाचून मुकाट्याने होमच बसवू शकतो. तुमचं प्रोचं लायसन्स बुडालेलं नसतं, पण आवृत्ती पुन्हा बदलून घ्यावी लागते. त्यासाठी आधीच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन आवृत्ती कोणती आणि लायसन्स अकाउंटला जोडलेलं आहे का, हे पाहून ठेवा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी आयटी विभागाला विचारा. तिथलं लायसन्स आणि नियम दोन्ही वेगळे असतात.

लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसचं काय? वर्ड-एक्सेलचं कायमचं लायसन्स मशीनसोबत मिळालं असेल, तर पुसण्याआधी एकदा ते उघडून ॲक्टिव्हेट करा आणि कुठल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलं गेलं ते लिहून ठेवा. एकदा जोडलं की त्याच अकाउंटवरून पुन्हा उतरवता येतं. हे न करताच पुसलं तर नंतर निस्तरणं कटकटीचं होतं.

अठ्ठेचाळीस आकड्यांची की

नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा एन्क्रिप्ट केलेली (कीशिवाय वाचता न येणारी) असते, आणि हे मालकाला माहीतही नसतं. तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन इन केलं की होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू होऊ शकतं, आणि त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या, त्यामुळे असे लॅपटॉप आणखी वाढले.

पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, पुसायला ही की लागत नाही. मग तिचं महत्त्व का? कारण पुढे बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, एखादी सेटिंग बदलावी लागू शकते. ती बदलून, 'आज नको, उद्या करू' म्हणत तुम्ही जुन्या विंडोजमध्ये परत गेलात, तर निळा पडदा येऊन ४८ आकडे मागेल. की हाताशी नसेल तर आतल्या सगळ्या फाइल्स समोर असून नसल्यासारख्या. म्हणून काम सुरू करण्याआधी दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून अकाउंट उघडा, की खरोखर तिथे आहे का पाहा, आणि कागदावर उतरवा. ही गोष्ट आणि फाइल्सचा बॅकअप टाळू नका, बाकी सगळं नंतर सावरता येतं.

फाइल्सचा बॅकअप घ्यायचा हे वेगळं सांगायला नको, पण कुठे घ्यायचा ते सांगतो: बाहेरच्या डिस्कवर. वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) हिरवी खूण दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. त्या फोल्डरबाहेरची कागदपत्रं, ब्राउझरचे पासवर्ड, ईमेलची स्थानिक फाइल, फोनवरून उतरवलेले फोटो यांतलं काही ना काही हमखास सुटतं.

पुसण्याआधीच जमवायचं सामान

मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'मीडिया क्रिएशन टूल' मिळतं. ते कमीत कमी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करून देतं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. आयएसओ फाइल (संपूर्ण इन्स्टॉलर सामावणारी एकच फाइल) उतरवून 'रुफस'सारख्या साधनानेही हेच होतं. आयएसओ उघडून त्यातल्या फाइल्स साध्या कॉपी-पेस्टने पेनड्राइव्हवर टाकण्याचा मोह होतो, पण बऱ्याचदा तो फसतो. यूईएफआयला, म्हणजे आजच्या लॅपटॉपच्या फर्मवेअरला, हमखास वाचता येणारी फॅट३२ पद्धत ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही, आणि आयएसओमधली मुख्य फाइल त्याहून मोठी असते. मीडिया क्रिएशन टूल अधिक दाबून लहान केलेली फाइल वापरतं, रुफस वेगळी युक्ती करतो. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. कोणीतरी 'हलकं केलेलं', 'आधीच ॲक्टिव्हेट केलेलं' विंडोज वाटत असेल, तर ते घेणं म्हणजे एकाचा पसारा काढून दुसऱ्या अनोळखी माणसाचा घरात घेणं. लॅपटॉपमध्ये स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असेल तर एआरएमसाठीची (त्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीची) वेगळी आयएसओ लागते, हेही ध्यानात ठेवा.

ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोजला एकेक हार्डवेअर चालवता यावं यासाठीच्या सॉफ्टवेअरकडे, मात्र नीट लक्ष द्या. मूळ विंडोजमध्ये हजारो ड्रायव्हर असतात, पण अगदी नव्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड किंवा टचपॅड त्यात नसू शकतं. आणि वायफाय नाही म्हणजे वायफायचा ड्रायव्हर उतरवायलाही मार्ग नाही. उत्पादकाच्या साइटवर सिरियल नंबर टाकून चिपसेट, वायफाय आणि स्टोरेज हे तीन ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. याहून सोपी एक सोय विंडोजमध्येच आहे, फार लोकांना ती ठाऊक नाही. 'पीएनपीयुटिल' नावाची कमांड आत्ता चालू असलेले, बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून देते. तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवला की पुढे डिव्हाइस मॅनेजरला (विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीला) 'इथे शोध' म्हणून बोट दाखवता येतं.

कारखान्यातली मूळ स्थिती परत हवी असण्याची थोडीही शक्यता असेल, उदाहरणार्थ वॉरंटीत मशीन द्यायचं असेल, तर उत्पादकाचं रिकव्हरी यूएसबी वेगळ्या पेनड्राइव्हवर करून ठेवा. डेल, एचपी आणि लेनोवो अशी साधनं देतात. ते असलं की डिस्कवरचं दहा-वीस जीबीचं रिकव्हरी पार्टिशन बिनघोर पुसता येतं. बायोसचं अपडेट बाकी असेल तर तेही आत्ताच, जुनं विंडोज जिवंत असतानाच उरका.

यादीत डिस्कच नाही

आता चार्जर जोडा आणि पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे मशीन त्यावरून सुरू करा. त्यासाठीची की दर कंपनीची निराळी: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असुसवर एस्केप. पण लोगो दिसण्याच्या त्या क्षणभरात बोट आपटत बसण्यापेक्षा, चालू विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवत रिस्टार्ट करा आणि 'यूज अ डिव्हाइस'मधून पेनड्राइव्ह निवडा. नेम चुकत नाही.

भाषा, कीबोर्ड, अटी मान्य, आणि मग तो पडदा येतो जिथे डिस्कची यादी दिसायला हवी. बऱ्याच इंटेलच्या लॅपटॉपवर तिथे काहीच दिसत नाही. माणूस घाबरतो, एसएसडी गेली असं वाटतं. ती ठणठणीत असते. ११ व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून अनेक उत्पादक 'व्हीएमडी' नावाची सोय चालू ठेवून लॅपटॉप देतात. व्हीएमडीमध्ये एसएसडी थेट विंडोजला न दिसता इंटेलच्या एका नियंत्रकाआड राहते. कारखान्यातल्या विंडोजमध्ये त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर घातलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलरमध्ये तो असेलच असं नाही. म्हणून इन्स्टॉलरला समोरची डिस्क दिसत नाही.

यावर उपाय दोन. उत्पादकाच्या साइटवर 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' नावाचा ड्रायव्हर असतो. तो बहुधा इन्स्टॉलर स्वरूपात मिळतो, आणि तसाच पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही. तो आधी उलगडून आतला 'आयएनएफ' फाइल असलेला फोल्डर बाहेर काढावा लागतो. मग त्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवला की डिस्क झटकन यादीत येते. दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा तसा फारसा उपयोग नसतो, त्यामुळे कोऱ्या इन्स्टॉलसाठी हेही चालतं. पण ते बंद केलं की जुनं विंडोज सुरू होणार नाही, आणि काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सेटिंग दाखवलेलीच नसते. मी पहिला उपाय सुचवेन, कारण त्यात मागे फिरायची वाट उघडी राहते.

डिस्क दिसली की तिच्यावर चार-पाच पार्टिशन दिसतील. १०० ते २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन, ज्यात बूट होण्यासाठीच्या फाइल्स असतात. १६ एमबीचं राखीव. मोठं, म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह. आणि शेवटी एक-दोन रिकव्हरीची. खरंखुरं क्लीन इन्स्टॉल हवं असेल तर या डिस्कवरची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा, म्हणजे 'अनअलोकेटेड' अशी एकच सलग जागा उरेल. ती निवडून पुढे जा. नवी पार्टिशन हाताने आखू नका, विंडोज हवी तशी स्वतः आखतं.

डिलीट दाबण्याआधी डिस्कचा आकार मात्र वाचा. यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो, आणि लॅपटॉपला दुसरी डिस्क असेल तर तीही. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली राहिली असेल तर तीसुद्धा तिथेच, तितकीच निरागस दिसत बसलेली असते. ती आधीच काढून ठेवा.

मशीन विकण्यासाठी पुसत असाल तर हे पुरेसं नाही, कारण पार्टिशन डिलीट करणं म्हणजे डेटा नष्ट करणं नव्हे. त्यासाठी बायोसमधला सिक्युअर इरेज किंवा रिसेटमधला 'क्लीन डेटा' पर्याय वापरावा.

इंटरनेट मागणारा पडदा

फाइल्स कॉपी होतात, मशीन दोनदा-तीनदा रिस्टार्ट होतं, आणि मग विंडोज ११ इंटरनेट मागतं. होम आवृत्ती २०२१ मध्ये आल्यापासूनच, तर प्रो २०२२ च्या आवृत्तीपासून, वैयक्तिक वापरासाठी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय पुढे जाऊ देत नाही. हे टाळायच्या पळवाटा फिरत असतात, पण मायक्रोसॉफ्ट एकेक करून त्या बुजवत आलं आहे, म्हणून त्यांच्या भरवशावर न राहिलेलं बरं. इथेच वायफायचा ड्रायव्हर नसल्याचा फटका बसतो. सोपा तोडगा: अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला तो बहुधा तारेचं नेटवर्क म्हणून लगेच ओळखतो.

डेस्कटॉप दिसला की विंडोज अपडेट चालवा, रिस्टार्ट करा, पुन्हा चालवा. 'ऑप्शनल अपडेट्स'मध्येही ड्रायव्हर असतात, तिथे डोकवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तरच उत्पादकाच्या साइटकडे वळा. ब्राइटनेसच्या खास की, पंख्याचा वेग, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणं या सोयींसाठी मात्र उत्पादकाचं एखादं ॲप बसवावं लागतं. ते एकच बसवा, सोबतची पाच नकोत.

आणि एक अपेक्षा आत्ताच बेताची करून घ्या. मायक्रोसॉफ्टचं मूळ विंडोजही सोवळं नाही. स्टार्ट मेनूत सुचवलेली ॲप्स असतात, आणि वनड्राइव्ह तुमची डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे ओढून घेऊ पाहतो. फरक एवढाच की आता आवरायचा पसारा एकाच घरचा उरतो.

पुसूनही परत येणारं

सगळं कोरं केलं, आणि पहिल्या इंटरनेट जोडणीबरोबर उत्पादकाचं ॲप बसवायची खिडकी पुन्हा उगवली, असं काही जणांच्या बाबतीत होतं. तेव्हा मशीनमध्ये व्हायरस आहे की काय अशी शंका येते. उत्तर त्या दुसऱ्या ठिकाणी, चिपमध्ये असतं.

विंडोज ८ पासून 'विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल' नावाची सोय आहे. उत्पादक फर्मवेअरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम ठेवू शकतो, आणि विंडोज दर वेळी सुरू होताना तो उचलून डिस्कवर लिहितं व चालवतं. चोरीला गेलेला लॅपटॉप पुसला तरी माग काढता यावा, असा तिचा एक रास्त उपयोग आहे. पण २०१५ मध्ये लेनोवोच्या काही मशीनवर या वाटेने 'सर्व्हिस इंजिन' नावाचा प्रोग्रॅम कोऱ्या विंडोजवरही येऊन बसतो असं लोकांच्या लक्षात आलं. त्यात सुरक्षेचा दोषही निघाला, आणि कंपनीने बायोस अपडेट देऊन तो काढला. असुसच्या काही मशीनवर 'आर्मरी क्रेट' बसवण्याची विचारणाही याच मार्गाने येते. तिच्यासाठी बायोसमध्ये बंद करायची सेटिंग असते. सिस्टिम३२ फोल्डरमध्ये 'डब्ल्यूपीबीबिन' नावाची फाइल दिसली तर तुमच्या मशीनवर ही सोय वापरली गेली आहे असं समजा. त्याशिवाय काही ॲप्स विंडोज अपडेटमधूनही येतात. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' निवडलं की त्यांना बऱ्यापैकी आळा बसतो.

विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं असेल तर बहुतेक तयारी हीच, फक्त एक मोठी सवलत मिळते. उबंटू, फेडोरा किंवा मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. डिस्कला हात लावण्याआधी वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटल्यावर मशीन नीट झोपतं-उठतं का, हे तपासून घ्या. झोपण्याची चाचणी लोक हमखास विसरतात. उबंटू आणि फेडोराला सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) बंद करावा लागत नाही, त्यांचा बूट करणारा पहिला प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. विंडोजची की चिपमध्येच राहते, त्यामुळे मन बदललं तर परतीची सोयही तशीच असते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय लागते, म्हणून अडून राहिलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी मी हाच मार्ग आधी तपासेन.

सगळं मार्गी लागल्यावर तीन पानं उघडून पाहा. ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं दिसायला हवं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नसावी. आणि एन्क्रिप्शन पुन्हा चालू झालं असेल तर रिकव्हरी की आता नवी असते. कागदावरचे जुने आकडे खोडा आणि अकाउंटमधून नवे उतरवून घ्या.